हिवतापाचा नकाशा: कागदावर शिकवावा की मोबाइलवर?
आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "हाताशी तीनच दिवस आहेत. हाताने नकाशा काढायला शिकवू, की जीपीएस आणि क्यूजीआयएस?" (क्यूजीआयएस म्हणजे संगणकावर नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर.)

शिकायला लागणारा वेळ बघितला तर कागद सरळ पुढे आहे. घरं, विहीर, नाला, साचलेलं डबकं, रुग्णाच्या घरावर लाल टिंब. अर्ध्या दिवसात हात बसतो. मोबाइलच्या जीपीएसने जागेचा बिंदू नोंदवणंही एका दिवसात जमतं. क्यूजीआयएसला मात्र आठवडा द्यावा लागतो, आणि नंतर सराव तुटला की सगळं विसरायला होतं.

खर्चाचं म्हणाल तर क्यूजीआयएस मोफत आहे. पैसा जातो फोन, चार्जिंग आणि शिकवणाऱ्यावर.

खरा फरक अचूकतेत आहे. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण 5 मीटरपर्यंत जागा बरोबर दाखवतो, दाट झाडीत चुकतो. हातच्या नकाशात अंतरं हमखास बिघडतात. पण कोणतं डबकं पावसानंतर किती दिवस टिकतं, हे तिथेच लिहिलं जातं, आणि हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलिस डासाचा पाण्यातला अंडी ते डास हा प्रवास साधारण 7 ते 14 दिवसांचा असल्यामुळे ही नोंद मला फार मोलाची वाटते.

गावपातळीवर फवारणी आणि डबकी तपासणाऱ्यांना कागदच शिकवा, जोडीला बिंदू नोंदवणं. अनेक गावांचे रुग्ण एकत्र बघून फवारणी कुठे आधी करायची हे ठरवणाऱ्या एकदोघांनाच क्यूजीआयएस शिकवा, तेही वेगळ्या आठवड्यात.