डार्क मोड की लाइट मोड, कुणी काय लावायचं

नवीन फोन हातात आला की आधी डार्क मोड (काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, लाइट मोडमध्ये याच्या उलट) ऑन करणारे खूप जण आहेत, आणि का विचारलं तर कारणं दोनच, बॅटरी वाचते आणि डोळ्यांना बरं पडतं. दोन्ही खरी आहेत पण ठराविक वेळीच. माझं मत आधीच सांगतो, दिवसा लाइट आणि रात्री डार्क, चोवीस तास एकच ठेवायची गरज बहुतेकांना नाहीये.

बॅटरीचं सगळं गणित स्क्रीन कुठली आहे त्यावर आहे. ओएलईडी स्क्रीनमध्ये (अमोलेड पण त्यातलीच) प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो, त्यामुळे काळा रंग दाखवायचा तर तो पिक्सेल बंदच होतो आणि करंट लागत नाही. एलसीडीत मागे बॅकलाइट असते ती चालूच राहते, काळ्या जागी फक्त उजेड पुढे येऊ देत नाहीत, म्हणजे डार्क लावून बचत जवळपास शून्य. भरपूर लॅपटॉप आणि मॉनिटर अजून एलसीडीच आहेत, तिथे बॅटरीसाठी डार्क लावत असाल तर ब्राइटनेस कमी करा, त्याने खरंच फरक पडेल.

ओएलईडीवर तरी किती वाचते? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 2021 मध्ये हे मोजलं होतं. ब्राइटनेस 30 ते 50 टक्के असताना डार्क मोडने सरासरी 3 ते 9 टक्केच पॉवर वाचली, फुल ब्राइटनेसला मात्र 39 ते 47 टक्के. आता घरात बसून आपण फुल ब्राइटनेस ठेवतो का? नाही ना. फुल लागतो तो बाहेर उन्हात, आणि उन्हात डार्क स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा जास्त दिसतो, अक्षरं शोधावी लागतात. म्हणजे बचत जिथे सगळ्यात जास्त तिथेच वाचायला सगळ्यात त्रास.

डोळ्यांचं प्रकरण जास्त महत्त्वाचं आहे. पांढऱ्या स्क्रीनकडे बघताना बाहुली लहान होते आणि अक्षर रेखीव दिसतं, काळ्या स्क्रीनवर बाहुली मोठी होते आणि डोळ्यातले बारीकसारीक दोष उघडे पडतात. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये तरुण आणि वयस्कर दोघांना मजकुरातल्या चुका शोधायला लावल्या होत्या, दोन्ही गटांना पांढऱ्यावर काळं अक्षरच सोपं गेलं. ज्यांच्या चष्म्याला सिलिंडर नंबर आहे त्यांना तर काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसू शकतात, आणि आपल्या लिपीत अनुस्वार, रफार, वेलांट्या इतक्या बारीक असतात की फॉन्ट लहान असला तर ते लगेच जाणवतं. त्यामुळे लांब लेख, रिपोर्ट, अभ्यास, प्रूफ तपासणं असलं काम दिवसा असेल तर सरळ लाइट मोड.

अंधाऱ्या खोलीत मात्र डार्कच घ्या, यात मला शंका नाही. आजूबाजूला काळोख आणि समोर पांढरी स्क्रीन हे नकोसं होतं, शेजारी कुणी झोपलेलं असेल तर त्यालाही त्रास. ज्यांना उजेड सहन होत नाही, मायग्रेनमध्ये होतं तसं, त्यांनी दिवसाही डार्क ठेवायला काहीच हरकत नाही. फक्त डार्क लावला म्हणून झोप छान लागेल असं धरून चालू नका, रात्री एक वाजेपर्यंत स्क्रोल केलं तर मोड कुठलाही असो जागरण ते जागरणच.

डार्कमध्ये पण दोन प्रकार येतात, एकदम काळा आणि गडद राखाडी. एकदम काळ्यात बचत थोडी जास्त, पण काही ओएलईडी फोनवर स्क्रोल करताना अक्षरांमागे पुसटशी सावली ओढल्यासारखी दिसते कारण बंद पिक्सेल चालू व्हायला जरा वेळ घेतो. वाचायला राखाडीच बरा, गूगलच्या डिझाइन गाइडलाइनमध्ये पण राखाडीच सुचवलाय.

सेटिंगचं म्हणाल तर आयफोनला आयओएस 13 पासून आणि अँड्रॉइडला 10 पासून, म्हणजे 2019 पासून, पूर्ण सिस्टमला डार्क मोड आहे, आणि सूर्यास्ताला आपोआप डार्क, सकाळी लाइट असं शेड्यूल आता बहुतेक फोनमध्ये लावता येतं, ते एकदा लावून टाका. विंडोजमध्ये कलर्सच्या सेटिंगमध्ये कस्टम निवडलं की टास्कबार डार्क आणि अ‍ॅप लाइट असं वेगळं ठेवता येतं, ऑफिसच्या कामाला मला हे सगळ्यात सोयीचं वाटतं, कारण पीडीएफ आणि वर्डची पानं बऱ्याचदा पांढरीच उघडतात आणि काळ्यातून एकदम पांढऱ्यात गेलं की डोळे दिपतात.

घरात आईबाबा, आजीआजोबा असतील तर त्यांच्या फोनवर आपल्या आवडीचा मोड लावून देऊ नका. मोतीबिंदू असेल तर डोळ्यात उजेड विखुरतो आणि अशा काही जणांना डार्कच जास्त स्पष्ट दिसतं, म्हणजे वरचा हिशोब त्यांच्यासाठी उलटा. एकच मेसेज दोन्ही मोडमध्ये वाचायला द्या, फॉन्ट मोठा करून, आणि त्यांना सोपं जाईल ते ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की परत एकदा विचारा, तेव्हा त्यांची निवड बदललेली असू शकते.