जिप्सीला ऑइल कूलर: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक फसलेली खरेदी

गाडी एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनची) जिप्सी, १२९८ सीसी. कूलर, म्हणजे इंजिनचं ऑइल थंड करणारा छोटा रेडिएटर, मार्चमध्ये बसवला, आता डिसेंबर. मधल्या काळात ७,००० किमी झाले, त्यातले निम्मे तरी घाटात नाहीतर कच्च्यावर.

दुखणं असं होतं. लो रेंजमध्ये (फोर-व्हीलच्या जास्त ताकदीच्या, कमी वेगाच्या गिअरमध्ये) पहिल्या-दुसऱ्या गिअरवर अर्धा तास चढ चढला की वर थांबल्यावर आयडलला ऑइलचा दाब कमी झाल्याचा दिवा मिचमिचायचा. पाण्याचा काटा मात्र जागचा हलत नव्हता. मिस्त्री म्हणाले, "जाड ऑइल टाका साहेब, दिवा जातोय." गेलाही, पण काही मनाला पटेना. रेडिएटर रॉडिंग करून (नळ्या आतून साफ करून) घेतला, फरक शून्य. मग ड्रेन बोल्टच्या जागी सेन्सर टाकून डॅशबोर्डवर ऑइलच्या तापमानाचं मीटर बसवलं. गगनबावड्याकडच्या एका चढावर आकडा दिसला १३२ अंश. तेव्हा कुठे कूलरचा विषय. मीटर नसताना कूलर घेऊ नका. गाडी नुसती ऑफिसला नि हायवेला पळत असेल तर बहुधा गरजच नाही.

दुकानदार १९ रोचा (१९ ओळींचा) कूलर गळ्यात मारत होता. मी १० रोचा घेतला, आणि तो पुरला. जिप्सीला कंपनीचा एसी नसल्यामुळे ग्रिलमागे जागा ऐसपैस. ब्रॅकेट कोल्हापुरात उद्यमनगरात करून घेतलं, खाली रबरी बुश टाकून. पाइपची तोंडं वरच्या बाजूला ठेवली, म्हणजे आत हवा अडकत नाही. ऑइल फिल्टर आणि इंजिन ब्लॉकच्या मध्ये बसणारी, कूलरला ऑइल नेणारी सँडविच प्लेट घेताना आटे तपासा. पाऊण इंची, इंचाला १६ आट्यांचा आणि एम-२० (२० मिमी) दीड पिचचा नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. जबरदस्तीनं आवळला तर आटे गेलेच म्हणून समजा.

होज मिस्त्रींनी हॅक्सॉनं कापले आणि थेट जोडायला घेतले. मी थांबवलं. एका होजमध्ये पेट्रोल ओतून पांढऱ्या फडक्यावर गाळलं तर चहाच्या भुकटीसारखे काळे कण. तेवढे सगळे ऑइलमध्ये गेले असते. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण दुसरा होज त्यांनी स्वतःच तीनदा धुतला.

कूलर आणि पाइप भरायला अर्धा लिटर ऑइल जास्त लागलं. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद केलं आणि डिपस्टिक बघून वर टाकलं.

उन्हाळा झकास गेला. त्याच चढावर, एप्रिलच्या दुपारी, १०६. दिवा पुन्हा कधी मिचमिचला नाही.

माझी चूक जुलैमध्ये कळली. दोन-अडीच हजार वाचवायला मी बिनथर्मोस्टॅटची प्लेट घेतली होती, म्हणजे ऑइल तापेपर्यंत कूलरची वाट बंद ठेवणारी झडप नसलेली. राधानगरीच्या पावसात तासभर चालवूनही ऑइल ६५च्या वर जाईना. एक दिवस ऑइलचं झाकण उघडलं तर आतून लोण्यासारखा पांढरट थर. आधी पोटात गोळा आला, हेड गॅस्केट गेलं आणि कूलंट ऑइलमध्ये मिसळलं म्हणून. पण कूलंट जिथल्या तिथे होतं. ऑइल तापतच नव्हतं, त्यामुळे त्यातली ओल उडून जात नव्हती. मिस्त्रींनी कूलरपुढे पुठ्ठा लावायचा सल्ला दिला. पावसात पुठ्ठा! दोन दिवसांत त्याचा लगदा झाला, मग जुन्या फ्लेक्सचा तुकडा बांधला. शेवटी ऑगस्टमध्ये ८० अंशांना उघडणारी थर्मोस्टॅटची प्लेट घेतली. पहिली प्लेट घरात पडून आहे, कुणी फुकट न्यायलाही तयार नाही. आता भर पावसातही आकडा ८५च्या आसपास टिकतो, आणि झाकण आतून स्वच्छ.

तक्रारी दोन. प्लेटच्या जाडीमुळे फिल्टर दीड इंच बाहेर आला, हात घालायला अडचण होते. आणि एक होज चॅसीच्या कडेला घासून वरचा थर सोलवटला होता; सर्व्हिसच्या वेळी खाली वाकलो म्हणून दिसला. तिथे आता जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दोन क्लिपा मारल्यात. ॲव्हरेजमध्ये काही फरक नाही. पाण्याचा काटा आधी होता तिथेच आहे.