एकच सामना बघायचा तर: फुटबॉल की रग्बी?

फुटबॉल मनापासून बघणाऱ्या माणसाला ‘जरा रग्बीही बघ’ असं सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘ती ढकलाढकली?’ मीही फुटबॉलवालाच, अजूनही आहे. पण दोन चांगले सामने एकाच वेळी लागले तर हल्ली माझा रिमोट कुठे वळतो हे घरच्यांना पाठ झालंय. तुमचंही तळ्यात-मळ्यात चाललं असेल तर पुढचं वाचा. इथे रग्बी म्हणजे पंधरा जणांची युनियन. तेरा जणांची लीग हा वेगळा खेळ, आणि सेव्हन्सचे 7-7 मिनिटांचे अर्ध कितीही वेगवान असले तरी मला जे सांगायचंय ते त्यांत दिसत नाही.

फुटबॉलच्या बाजूने सांगायचं तर सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दुबळ्याला मिळणारी संधी. गोल इतका दुर्मीळ की नव्वद मिनिटं बचाव करून एका कॉर्नरवर सामना मारून नेता येतो. रग्बीत ते जमत नाही. ट्रायचे (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं) 5, कन्व्हर्जनचे (ट्रायनंतरची किक) 2, पेनल्टीचे (समोरच्याने नियम मोडल्यावर मिळणारी किक) 3 असे गुण साचत जातात आणि ज्याची पुढची फळी दणकट तो तासाभरात समोरच्याला पिळून काढतो. 1987 ते 2023 मध्ये दहा विश्वचषक झाले आणि जिंकणारे देश चारच: दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि एकदा इंग्लंड. धक्कादायक निकालांची चटक असलेल्याला हे मचूळ वाटू शकतं.

नियमांचा जाच आहे, नाही म्हणणार नाही. चेंडू हाताने पुढे द्यायचा नाही, हे डोळ्यांच्या अंगवळणी पडायलाच काही सामने जातात. खरी गोची होते ती रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूसाठी होणाऱ्या झुंजीत. बाहेरून तो माणसांचा ढीग दिसतो. पण तिथे तीनच गोष्टी बघायच्या: टॅकल झालेल्याने, म्हणजे पकडून पाडलेल्याने, चेंडू सोडला का, टॅकल करणारा बाजूला झाला का, आणि चेंडूवर हात टाकणारा स्वतःच्या पायांवर उभा आहे का. पंचांची बहुतेक शिट्टी या तिघांपैकी कुणावर तरी असते. एवढं कळलं की ढिगाचा अर्थ लागायला लागतो. बाकीचे नियम आपोआप येतात; काही मला अजूनही आलेले नाहीत आणि त्यावाचून फारसं अडत नाही.

आता माझा कौल ज्याने फिरवला ती गोष्ट. फुटबॉलची शेवटची दहा मिनिटं.

1-0, ब्याऐंशीवं मिनिट. आघाडीवरच्या संघाचा बदली होणारा खेळाडू नेमका पलीकडच्या टोकाला सापडतो. तो चालत निघतो, वाटेत कर्णधाराचा पट्टा काढतो, प्रेक्षकांना टाळ्या वाजवतो. गोलकीपर साधा चेंडू पकडून त्यावर पालथा पडतो आणि तसाच पडून राहतो. पायात गोळे येतात तेही पुढे असलेल्यांच्याच. मागे असलेल्या संघाच्या पोटऱ्या कशा कोण जाणे ठणठणीत असतात. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण बघताना असं वाटतं की या दहा मिनिटांत खेळ तीन मिनिटांचा आणि बाकी सगळी नाटकं. माझाच संघ पुढे असला की मीही मनातून म्हणायचो, ‘अजून थोडा झोप बाबा.’ आणि तेच जास्त खुपायला लागलं.

यावर उपाय होत नाहीत असं नाही. 2022 च्या विश्वचषकात भरपाईची वेळ सढळ हाताने दिली गेली, आणि नेदरलँड्सने अर्जेंटिनाविरुद्ध त्या वाढीव वेळेतच बरोबरी साधली तो क्षण अफलातून होता. 2025 पासून गोलकीपरने चेंडू आठ सेकंदांहून जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. हे सगळं चांगलंच. पण भरपाईच्या मिनिटांतही पुन्हा तीच झोपाझोप चालते, आणि शिट्टी नेमकी कधी वाजणार हे एकट्या रेफरीला ठाऊक.

रग्बीत पंच हात वर करून घड्याळ थांबवतात आणि ते थांबलेलं सगळ्यांना दिसतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे किरकोळ दुखापत झालेला मैदानातच पडून राहिला तर फिजिओ आत येऊन त्याला बघतो आणि खेळ शेजारून चालू राहतो. म्हणजे उगाच पडून राहिलात तर तुमचाच संघ चौदा जणांवर येतो. नाटकाचा फायदाच संपला. गोलवर पेनल्टी मारायला 60 सेकंद मिळतात, त्याचंही घड्याळ पडद्यावर. आणि 80 मिनिटं झाली म्हणून सामना संपत नाही. चेंडू मेल्याशिवाय, म्हणजे खेळाबाहेर गेल्याशिवाय, शिट्टी नाही, शेवटी पेनल्टी मिळाली तर खेळ पुढे चालूच.

हे किती लांब जाऊ शकतं? 2015 चा विश्वचषक, इंग्लंडमधलं ब्रायटन. दोनदा विश्वविजेती ठरलेली दक्षिण आफ्रिका 32-29 ने पुढे, समोर जपान, ज्यांनी तोवर विश्वचषकात एकच सामना जिंकला होता. वेळ संपल्यात जमा. जपानला पेनल्टी मिळाली; किक मारून बरोबरी घेता आली असती. कर्णधार मायकल लीचने स्क्रम मागितला, म्हणजे दोन्ही पुढच्या फळ्या वाकून एकमेकींना ढकलतात आणि त्यातून खेळ पुन्हा सुरू होतो ते. घड्याळ 80 च्या पुढे गेलं, चेंडू उजवीकडून डावीकडे फिरत आला आणि बदली खेळाडू कार्न हेस्केथने कोपऱ्यात ट्राय टाकला. 34-32. म्हणजे वर म्हटलेला धक्का इथेही बसतो, क्वचित बसतो इतकंच. 2023 मध्ये आयर्लंडने न्यूझीलंडविरुद्ध चार गुणांनी मागे असताना अखेरीस सलग 37 फेज (एका टॅकलपासून पुढच्या टॅकलपर्यंतचा खेळ) चेंडू राखला आणि तरी हरले. ती मिनिटं मी उभ्यानेच बघितली.

पुढे असलेला संघ इथेही वेळ काढतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पुढची फळी चेंडू कवटाळून वीतभर पुढे जाते, पुन्हा तेच. पण ते माणसांच्या मध्ये घुसून करावं लागतं, आणि एक हात चुकीचा पडला की पेनल्टी समोरच्याला. त्यात जोखीम आहे, म्हणून तोही खेळच वाटतो. खरा वैताग स्क्रमचा. कोसळला, पुन्हा लावा, पुन्हा कोसळला. तेवढ्यात मी चहा टाकून येतो.

पंचांभोवती घोळकाही नसतो. बोलायचं कर्णधाराने, इतरांनी वाद घातला तर पेनल्टी दहा मीटर पुढे सरकते. पंचांचा माइक प्रेक्षकांना ऐकू येतो, त्यामुळे निर्णय पटला नाही तरी कारण कळतं. न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानावर 2015 च्या विश्वचषकात पंच नायजेल ओवेन्स यांनी पडण्याचा बनाव करणाऱ्याला सुनावलं होतं की असंच करायचं असेल तर दोन आठवड्यांनी इथेच परत ये. फुटबॉलवाल्यांना झोंबलं असेल, मला मात्र हसू फुटलं.

घरातल्या मुलाला खेळायला पाठवायचं असेल तर गणित वेगळं. डोक्याच्या दुखापतींबद्दल रग्बी आता कडक आहे, 2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन त्यापायी लाल कार्डावर बाहेर गेला. तरी धोका उरतोच, आणि तिथे मी फुटबॉलच सुचवेन.

बघायचं म्हणाल तर फेब्रुवारी-मार्चमधली सिक्स नेशन्स ही युरोपातल्या सहा देशांची स्पर्धा बरी, सामने मोजके 15. तोवर थांबवत नसेल तर दक्षिण आफ्रिकेचे 2023 च्या विश्वचषकातले बाद फेरीचे तीन सामने शोधा: 29-28, 16-15, 12-11, तिन्ही एकेका गुणाने जिंकलेले. सुरुवात अंतिम सामन्यापासून नको, त्यात ट्राय एकच आहे. आधी फ्रान्सविरुद्धचा लावा आणि चेस्लिन कोल्बे धावत येऊन कन्व्हर्जनची किक अडवतो तिथे लक्ष ठेवा. ते दोन गुण फ्रान्सला शेवटी महागात पडले. निकाल मी आधीच सांगून बसलोय खरा, पण या सामन्याचं त्याने काही बिघडत नाही.