सांगोल्याची आमदारकी : एका दीर्घ सेवेचे परीक्षण

प्रत्येक प्रचारसभेत ‘सेवेची संधी द्या’ असे मतदारांना विनवले जाते; तेव्हा अशी संधी दिल्यावर प्रत्यक्षात काय पदरात पडले, याचे परीक्षण मतदारांच्या बाजूने व्हायला कोणाची हरकत नसावी. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याइतका जोखून पाहण्याजोगा मतदारसंघ राज्यात क्वचितच सापडेल. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ साली येथून प्रथम विधानसभेत गेले आणि २०१४ साली अकराव्यांदा निवडून आले. मध्ये १९७२ आणि १९९५ असे दोन वेळा याच मतदारांनी त्यांना घरी बसवले, दुसऱ्या वेळी तर दोनशेच्या आतल्या फरकाने. त्यामुळे ही गादी आंधळ्या निष्ठेवर टिकली, असे म्हणता येत नाही.

उपलब्धतेच्या निकषावर या सेवेला पूर्ण गुण द्यावे लागतात. एसटीच्या गाडीत विधानमंडळ सदस्यांसाठी आसन राखून ठेवल्याची पाटी असते. त्या पाटीखाली एरवी बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेतलेली मंडळीच दिसतात, कारण बहुतेक सदस्य केव्हाच स्कॉर्पिओ-फॉर्च्युनरमध्ये जाऊन बसले आहेत. गणपतराव मात्र वर्षानुवर्षे एसटीनेच प्रवास करत राहिले. यात साधेपणाचे कौतुक आहेच, पण मला त्यातली सोय अधिक मोलाची वाटते : ज्याला तलाठ्याकडे अडलेल्या कामाविषयी दोन शब्द बोलायचे आहेत, त्याला स्वीय सहायकाची मनधरणी न करता आमदार गाठता येतो.

सभागृहातील काम हा या सेवेचा कणा होता. पेशाने वकील असल्याने विधेयकाचा मसुदा कलमवार वाचण्याची त्यांना सवय होती, आणि तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे सरकारचे लक्ष वेधणारी) ही साधने त्यांनी विरोधी बाकांवरून दुष्काळ, रोजगार हमी आणि शेतीच्या पाण्यासाठी वापरली. १९७८ चे शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आणि १९९९ चे विलासराव देशमुखांचे सरकार एवढेच त्यांच्या मंत्रिपदाचे काळ. बाकी जवळजवळ सारी कारकीर्द सत्तेबाहेर गेली. तालुक्यातील सहकारी सूतगिरणीची उभारणीही त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली, आणि राज्यातल्या कितीतरी सूतगिरण्यांना टाळे लागत असताना ती चालू राहिली, हे सहकाराचा अनुभव असलेल्या कोणालाही सहज घडणारे वाटणार नाही.

उणीव पाण्याची आहे, आणि ती लहान नाही. माणदेशाच्या या पट्ट्यात डाळिंबाच्या बागा शेतकऱ्यांनी टँकरच्या पाण्यावर जगवल्या. कृष्णेचे पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू योजनेची घोषणा नव्वदच्या दशकातली. आटपाडीच्या पाणी परिषदांत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने गणपतरावांनीही त्यासाठी आवाज उठवला, तरी प्रत्यक्ष पाणी येईपर्यंत एक पिढी म्हातारी झाली. निधीच्या किल्ल्या मुंबईत सत्ताधाऱ्यांच्या हाती होत्या, हे खरे. पण पन्नास वर्षांहून अधिक काळाचा हिशेब मांडताना ही सबब मतदाराने किती वेळा मान्य करावी, हा प्रश्न उरतोच. विरोधी आमदार मंत्र्याला उत्तर द्यायला भाग पाडू शकतो, धरणाचा कालवा खणून आणू शकत नाही; सांगोल्याने अशा आमदाराची निवड वारंवार आणि समजून उमजून केली होती.

दुसरी तक्रार पक्षाविषयी आहे. एकेकाळी खटारा चिन्हावर राज्यभर आमदार निवडून आणणारा शेकाप त्यांच्या डोळ्यांदेखत रायगड आणि सांगोला एवढ्यापुरता आकसला, आणि सांगोल्यातही घराबाहेरचा वारस उभा राहिला नाही. २०१९ मध्ये ते स्वतः थांबले, तेव्हा नातू अनिकेत उमेदवार झाले आणि ७६८ मतांनी हरले. शहाजीबापू पाटील निवडून आले, ज्यांची पुढे ‘काय झाडी, काय डोंगार’ या गाजलेल्या संवादामुळे सांगोल्याबाहेरही ओळख झाली. ३० जुलै २०२१ रोजी गणपतरावांचे निधन झाले. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब यांनी जागा परत मिळवली.

उपलब्धता, सचोटी आणि सभागृहातील काम यांना मी पाचपैकी पाच देईन. पाण्याला अडीच, आणि वारसदार घडवण्याला जेमतेम दोन.