खुब्याच्या ऑपरेशननंतर एकट्या राहणाऱ्या आत्यासाठी घेतलेल्या वस्तू : सात महिने वापरल्यावर

ऑगस्टमध्ये आत्या पडली. वय ७६. लग्न केलं नाही, ३२ वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि आता सांगलीच्या गावभागात आजोबांच्या जुन्या घरात एकटी राहते. पहाटे परसातल्या संडासाकडे जाताना ओल्या शहाबादी फरशीवर पाय घसरला आणि डाव्या खुब्यात मांडीच्या हाडाची मान मोडली. पाय आखूड दिसत होता आणि बाहेरच्या बाजूला वळला होता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा (बॉल) काढून धातूचा बसवला. त्याच्या पुढच्या दिवशी हॉस्पिटलमध्येच तिला उभं केलं.

मी पुण्यात, भाऊ बंगळुरूला. पहिले पाच आठवडे मी सांगलीला राहिले, नंतर दर शनिवार-रविवार. त्या घाईत सर्जिकलच्या दुकानात जे दिसेल ते घेतलं आणि त्यातलं बरंचसं आज पडून आहे. दुसऱ्या कुणावर अशी वेळ आली तर उपयोग व्हावा म्हणून सगळं लिहिते आहे. प्रत्येक वस्तूबद्दल मी आता एवढंच बघते : ती आल्यावर आत्याचं एखादं काम तिच्या हातात परत आलं, की हातातलं एक काम गेलं?

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेल्या वस्तू दुकानातल्या नव्हत्याच. तिचा चष्मा आणि कानाचं मशीन. ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री आत्या मला ओळखेना. “घंटा झाली, मुलींना आत घे,” म्हणत सलाईनची नळी ओढायला लागली. माझे हातपाय गळाले. आत्याचं डोकं म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात भरवशाची गोष्ट, आणि तीच हरवली असं वाटलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, ताप बघितला आणि मग विचारलं, “यांचा चष्मा कुठाय? कानाला मशीन लावतात का?” दोन्ही माझ्या पर्समध्ये होती, ऑपरेशनला नेताना काढून दिलेली. म्हाताऱ्या माणसाला मोठ्या ऑपरेशननंतर असा गोंधळ होऊ शकतो आणि दिसत-ऐकू येत नसलं की तो वाढतो, असं त्यांनी समजावलं. सकाळी चष्मा आणि मशीन लावलं, समोर घरचं घड्याळ ठेवलं, दिवसा पडदा उघडा ठेवला, लघवीची नळी निघाली. तिसऱ्या दिवशी तिने नर्सला औषधाच्या बिलातली बेरीज चुकल्याचं दाखवलं तेव्हा मी बाहेर जाऊन रडले. हॉस्पिटलच्या बॅगेत या दोन गोष्टी आधी ठेवा. मशीनचे जास्तीचे सेलही.

वॉकर घडीचा, ॲल्युमिनियमचा, १४०० रुपयांचा घेतला. वस्तू चांगली, पण दुकानदाराने उंची लावून दिली होती ती चुकीची. आत्याचे खांदे वर चढायचे आणि दहा पावलांत मान दुखायची. फिजिओथेरपिस्टने तिला सरळ उभं केलं, हात खाली सोडायला लावले आणि मूठ बरोबर मनगटाच्या घडीपाशी येईल असा वॉकर दोन भोकं खाली घेतला. तेवढ्याने चाल बदलली. क्रम असा : आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. वॉकरच्या पायांचे रबरी बूट चौथ्या महिन्यात गुळगुळीत झाले. ते तळाशी बघत जा, ओल्या फरशीवर झिजलेला बूट म्हणजे पुन्हा तेच पडणं.

पण जुन्या घरात वॉकर चालत नाही, कारण उंबरे. आमच्या घरात पाच. वॉकर उचलून पलीकडे ठेवायचा आणि मग पाय, म्हणजे तोल जायची हमखास जागा. सुतार म्हणाला, तोडून टाकू. आतले तीन तोडले. पुढच्या दाराच्या उंबऱ्याला आत्याने हात लावू दिला नाही. त्यावर ती रोज हळदकुंकू वाहते, आजी वाहायची. मग त्याला आणि परसदाराला दोन्ही बाजूंनी लाकडी उतार करून घेतला, वर खरखरीत पट्टी चिकटवली. ९०० रुपये लागले. या सगळ्या खर्चात मला मनापासून समाधान देणारा हा खर्च.

वॉकरची दुसरी अडचण कुणी आधी सांगत नाही. दोन्ही हात अडकतात. चालता येतं पण काही नेता येत नाही. चहा ओट्यावर करता येतो, पण खुर्चीपर्यंत आणायचा कसा? त्यामुळे आत्या ओट्याशी उभी राहून चहा प्यायची आणि मला वाईट वाटायचं. मग तिनेच जुन्या इरकलीच्या काठाची पिशवी शिवली आणि वॉकरच्या पुढच्या दांडीला बांधली. त्यात फोन, चष्म्याचं घर, पेपर, गच्च झाकणाचा छोटा थर्मास. चहा थर्मासमध्ये, थर्मास पिशवीत, आणि बाई खुर्चीत. पिशवी पुढेच बांधा आणि जड भरू नका, नाहीतर वॉकर पुढे कलंडतो.

आता कमोड खुर्चीबद्दल जरा सविस्तर, कारण इथे मी चुकले आणि त्याचा त्रास आत्याने सोसला. खुब्याच्या ऑपरेशननंतर गुडघ्यापेक्षा खाली बसायचं नाही, उकिडवं तर नाहीच, पुढे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. (हे निर्बंध ऑपरेशन कुठल्या बाजूने केलं त्यावर कमीजास्त असतात, तुमच्या सर्जनना विचारा.) म्हणून मी चाकांची, खाली भांडं असलेली खुर्ची घेतली, २८०० रुपयांची, आणि पलंगाशेजारी ठेवली. पहिली गोष्ट, ब्रेक दोनच चाकांना होते आणि बसताना ती मागे सरकायची. ती खुर्ची मी चार दिवसांत बदलून बिनचाकांची आणली. पण खरी गोष्ट तीन आठवड्यांनी कळली. आत्याने पाणी पिणं कमी केलं होतं. जेवणही अर्धं. भांडं दुसऱ्या कुणी उचलून न्यायचं, याची तिला इतकी लाज वाटत होती की पोटात काही जाऊच द्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं. वेदनेच्या गोळ्यांनी आधीच बद्धकोष्ठ, त्यात पाणी नाही. लघवीला जळजळ सुरू झाली, जंतुसंसर्ग निघाला. मी विचारलं, तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाली, “माझं मी आजवर कुणाला दाखवलं नाही गं.”

दुसऱ्याच दिवशी त्या खुर्चीचं भांडं काढलं आणि नुसता सांगाडा परसातल्या भारतीय संडासावर बरोबर मध्ये उभा केला. उंची वाढवून घेतली, पाय हलू नयेत म्हणून प्लंबरकडून दोन ठिकाणी क्लिप मारून घेतल्या, भिंतीला आडवी स्टीलची दांडी, वाटेवर खरखरीत मॅट, अंधार झाला की आपोआप लागणारा दिवा. सगळे मिळून ३५०० गेले. त्या दिवसापासून ती वॉकर घेऊन स्वतः जायची, आतून कडी न लावता दार लोटून. मी परसदारात उभी राहायचे, पाठ करून. आठवड्याभरात तांब्या दोनदा भरून ठेवायला सांगू लागली. पलंगाशेजारचं भांडं पहिल्या काही रात्रींपुरतं लागेल, पण पाय चालू लागले की संडास हीच माणसाची पहिली यात्रा असू द्या.

बाई ठेवण्याचा अनुभव मिश्र. रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून २४ तासांची बाई घेतली, दिवसाला ८०० रुपये. पहिल्या पंधरा दिवसांत चार जणी बदलल्या. प्रत्येकीला गोळ्या, व्यायाम, कुठल्या कुशीवर वळवायचं हे नव्याने सांगायचं. चौथी फार प्रेमळ होती. पण ती आत्याला घास भरवायची, केस विंचरायची, उठायच्या आधीच धरून उठवायची. मलाही ते बरं वाटलं. फिजिओथेरपिस्टने मात्र महिन्याने मांडीचे स्नायू तपासले आणि सरळ सांगितलं, “यांना कुणी उठू देत नाहीये.” त्यानंतर शेजारच्या गल्लीतल्या एका ताई सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास येऊ लागल्या. आंघोळीला सोबत, केर-भांडी, बाजार. स्वयंपाक आत्याचा. आंघोळ भिंतीला टेकलेल्या उंच स्टुलावर, पाय घासायला लांब दांड्याचा ब्रश. ब्युरोकडून बाई घेत असाल तर पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या : काय करायचं, आणि काय करायचं नाही. दुसरी यादी जास्त महत्त्वाची.

दुसऱ्या आत्याच्या मुलाने अमेरिकेतून कॅमेरा पाठवला, फिरणारा, आवाज येणारा. हेतू मायेचा होता. आत्याने दोन दिवस सहन केला, तिसऱ्या दिवशी त्यावर टॉवेल टाकला. “मी वर्गात मुलींच्या मागे अशी उभी राहत नव्हते,” म्हणाली. मी तो काढून ठेवला आणि ४५० रुपयांची बिनतारी दाराची बेल आणली. बटण आत्याच्या गळ्यात दोरीला, बेलचा डबा शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात. दोन भिंतींपलीकडे ती नीट वाजते, आधी वाजवून खात्री करा. सात महिन्यांत तीनदा वाजली, त्यातली एकदा खरी, रात्री चक्कर आली तेव्हा. साधा बटणांचा फोनही गळ्यात, दोनचा आकडा दाबून धरला की मला लागतो, तीनचा काकूंना. १०८ हा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर. शिवाय दुधाची पिशवी. सात वाजेपर्यंत दारातून उचलली गेली नाही तर काकू किल्ली घेऊन येतात. या व्यवस्थेवर माझा कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा जास्त भरवसा आहे.

हवेची गादी घेऊ नका, निदान माणूस दुसऱ्या दिवसापासून उठत असेल तर. अंथरुणाला खिळलेल्यांना ती लागते, जखमा होऊ नयेत म्हणून. आत्याला मात्र पलंगाच्या कडेला बसून उठताना ती खाली दबायची आणि जोर लागायचा नाही. त्याऐवजी पलंगाखाली चार लाकडी ठोकळे घालून उंची वाढवली. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये घट्ट कापसाची उशी. व्हीलचेअर विकत घेतली ती तीन वेळा वापरली. बऱ्याच गावांत सेवाभावी संस्था अनामत रक्कम घेऊन असं साहित्य वापरायला देतात, आधी तिथे विचारा.

गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी आणली होती, ती आत्याला पटली नाही. तिने कालनिर्णयच्या चौकोनात रोज सकाळ-दुपार-रात्र अशा तीन टिंबांची पद्धत काढली. रक्त गोठू नये म्हणून महिनाभर जी गोळी होती, तिचं टिंब लाल. एकही लाल टिंब चुकलेलं नाही, मी पानं उलटून पाहिली आहेत. नुसतं ऑपरेशन करून घरी पाठवलं तर हाडाचं औषध विचारून घ्या. उभ्या उभ्या घसरून खुबा मोडतो म्हणजे हाड ठिसूळ झालेलं असतं, आणि दुसऱ्या बाजूलाही तेच हाड आहे. आत्याला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली आहे : सकाळी अनशापोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. त्या अर्ध्या तासात ती ओट्याला धरून पाय बाजूला नेण्याचा व्यायाम करते. इतर दिवशी दूध तापेपर्यंत.

२०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं, तेव्हापासून आत्या कामाची सगळी भांडी माळ्यावर ठेवायची. ती सगळी कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर आणली. देवघराचं मात्र अवघड गेलं. देव जमिनीलगत, पुढे पाट. पाटावर आता बसायचं नाही. देव टेबलावर ठेवू म्हटल्यावर ती गप्प झाली. मी विषय सोडून दिला. नवरात्राच्या आदल्या दिवशी तिनेच सुताराला बोलावलं, आजोबांच्या लिहायच्या मेजावर देव ठेवून घेतले आणि उंच स्टुलावर बसून घट बसवले. आरतीला उभी राहिली, एक हात मेजावर ठेवून.

आता मार्च. दिवाळीनंतर वॉकर सुटला, काठी आली. काठी उजव्या हातात, म्हणजे ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूला. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला डाव्या हातात धरायला सांगतो आणि ती प्रत्येकाला फळ्यावर शिकवल्यासारखं समजावते. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. गणपतीच्या देवळापर्यंत रिक्षाने जाते, आत पायी. लांबचं चालणं अजून नाही, थंडीत खुबा धरतो, आणि पायमोजे घालायला लांब चिमटा लागतोच.

वॉकर गेल्या आठवड्यात काकूंच्या आईकडे गेला. इरकलीची पिशवी आत्याने सोडवून धुतली आणि त्यांच्यासाठी दुसरी शिवायला घेतली आहे, जरा मोठी, कारण त्यांना जपाची माळ ठेवायची आहे.