नऊ महिने वापरल्यावर: एअर फ्रेट सॉफ्टवेअरमधले लोकल चार्जेस

मुंबई विमानतळाच्या सहार कार्गो कॉम्प्लेक्सपासून रिक्षाने दहा मिनिटांवर आमचं फॉरवर्डिंगचं, म्हणजे लोकांचा माल विमानाने पाठवून द्यायचं, ऑफिस आहे. एक्सपोर्टचं बिलिंग माझ्याकडे. आधी सगळे लोकल चार्जेस, म्हणजे विमानभाड्याशिवाय इथे लागणारे खर्च, एक्सेलमध्ये असायचे. नऊ महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअर आलं आणि चार्ज मास्टर (सगळ्या चार्जेसची मूळ यादी) भरायचं काम मला मिळालं. ती यादी मी तीनदा भरली. घ्यायच्या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितेय.

ट्रेनिंगला आलेल्या मुलाने दोन खाने दाखवले, फिक्स्ड आणि व्हेरिएबल. एअरवे बिल (विमानाच्या मालाची पावती) फी, डॉक्युमेंटेशन पहिल्यात. टर्मिनल, एक्स-रे, हँडलिंग दुसऱ्यात. पण फिक्स्ड म्हणजे कशामागे फिक्स्ड, हे कोणी विचारलंच नाही. पहिल्याच कन्सोलमध्ये, म्हणजे अनेकांचा माल एकत्र पाठवताना, एका मास्टरखाली (एअरलाइनच्या एअरवे बिलाखाली) पाच हाऊस (प्रत्येक पार्टीला आम्ही दिलेली एअरवे बिलं) होते. मास्टरची एअरवे बिल फी एअरलाइन एकदाच घेते, आमच्या सिस्टिमने ती खर्चात पाचदा धरली. उलट अमेरिकेच्या किंवा युरोपच्या मालाची आगाऊ माहिती हाऊसप्रमाणे भरावी लागते (युरोपने हा नियम हवाई मालाला १ मार्च २०२३ पासून लावला), तो चार्ज मात्र मास्टरमागे एकदाच पडला. प्रत्येक चार्जला ‘प्रति मास्टर’ की ‘प्रति हाऊस’ हे ठरवायची सोय आत होती, पण दुसऱ्या टॅबमध्ये.

व्हेरिएबलमध्ये खरी मेख वजनाची. समजा ६० × ४० × ४० सेंटिमीटरचे २० बॉक्स आहेत, प्रत्येकी १२ किलो. काट्यावर २४० किलो. घनफळाला ६००० ने भागलं की एका बॉक्सचे १६ किलो. हे काट्यापेक्षा जास्त, म्हणून चार्जेबल, म्हणजे ज्यावर पैसे लागतात ते वजन, ३२० किलो. फ्युएल सरचार्ज काही एअरलाइन्स काट्याच्या वजनावर लावतात, काही चार्जेबलवर. म्हणून हा चार्ज एअरलाइनप्रमाणे वेगळा भरावाच लागतो. इथे सॉफ्टवेअरला पूर्ण मार्क. एअरलाइन निवडली की बेसिस (कोणत्या वजनावर लावायचं ते) आपोआप बदलतो, मिनिमम चार्जही नीट लागतो.

पण एक जॉब (एका मालाची फाइल) मी विसरणार नाही. चार्जेबल वजन २९० किलो. १०० किलोवरचा रेट १२० रुपये, म्हणजे ३४,८०० रुपये. ३०० किलोवरचा रेट ११२ रुपये, म्हणजे ३०० किलो धरले तर ३३,६०० रुपये. अशा वेळी वरचा स्लॅब (वजनाचा टप्पा) धरून ३०० किलोचं फ्रेट लावायचं, ही आपल्या धंद्यातली नेहमीची रीत. सिस्टिमने ते बरोबर केलं. पण तेच ३०० किलो तिने आमच्या हँडलिंगलाही लावले. पार्टीच्या अकाउंट्समधून फोन आला, “मॅडम, माल २९० किलोचा आणि हँडलिंग ३०० चं कसं?” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. क्रेडिट नोट काढली आणि त्या संध्याकाळी बसून मागच्या दोन महिन्यांची स्लॅब वाढवलेली सगळी बिलं तपासली. रकमा छोट्या होत्या, पण पार्टीचा विश्वास छोटा नसतो. सॉफ्टवेअर कंपनीला कळवल्यावर त्यांनी ‘मूळ चार्जेबल’ आणि ‘बिलिंग वजन’ असे दोन वेगळे बेसिस दिले. सहा आठवडे लागले, पण दिले.

तारखेचा प्रश्न अजून तसाच आहे. जॉब मार्चअखेर उघडला, कार्टिंग (माल टर्मिनलमध्ये आत नेणं) एप्रिलमध्ये झालं आणि मधल्या काळात टर्मिनलचा दर बदलला, तर सिस्टिम जॉब उघडल्याच्या तारखेचा दर धरते. टर्मिनल मात्र माल आत घेतला त्या दिवसाचा घेतं. आम्ही असे जॉब हाताने काढून बदलतो. टर्मिनलवर वजन नव्याने झालं तरी ‘पुन्हा हिशोब’ दाबल्याशिवाय व्हेरिएबल चार्ज हलत नाही. आमच्या नव्या मुलीला मी पहिल्या दिवशी हेच बटण दाखवलं.

जीएसटीचं काम मात्र सुखाचं झालं. टर्मिनलची पावती पार्टीच्या नावाने असेल आणि आम्ही तेवढीच रक्कम पुढे घेत असू, तर ती प्युअर एजंट म्हणून, म्हणजे पार्टीच्या वतीने फक्त भरलेली रक्कम म्हणून, वेगळी ठेवता येते. त्यावर आम्ही १८ टक्के लावत नाही. आमची सर्व्हिस त्याच बिलात, पण वेगळ्या ओळीत. पूर्वी ही सरमिसळ व्हायची आणि दर महिन्याला सीएंच्या ऑफिसमधून विचारणा यायची.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे खरेदी-विक्रीची तुलना. एअरलाइनचं किंवा टर्मिनलचं बिल टाकलं की आपण धरलेला खर्च आणि आलेला खर्च समोरासमोर दिसतात. एक्सेलच्या काळात न लावलेला एक्स-रे वर्षअखेरीस सापडायचा, आता त्याच आठवड्यात सापडतो.

तुम्ही डेमो घेणार असाल तर त्यांचा तयार नमुना बघू नका. पाच हाऊसचं एक कन्सोल आणि २९० किलोचा एक जॉब घेऊन जा, आणि समोर बसून बिल काढायला लावा.