बोअरच्या पाण्याला एससीआयची वडी: दिवाळीपासूनचा अनुभव

दिवाळीपासून आमच्याकडे अंघोळीचा साबण आणलेला नाही. सोडियम कोकॉईल आयसेथियोनेट या मळ काढणाऱ्या सौम्य रसायनाची (दुकानात नुसतं एससीआय म्हणा) घरी केलेली वडी वापरतो. पुण्याच्या वाघोलीत राहतो, म्हणजे पाणी बोअरचं नाहीतर टँकरचं. खडकवासल्याचं पाणी पिणाऱ्यांना आमचं दुःख कळायचं नाही.

बोअरच्या जड (क्षारांच्या) पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी जुळलं की न विरघळणारा चिकट साका होतो. बादलीच्या कडेला बसतो तो, आणि केसांवरही. एससीआयसुद्धा खोबरेलातल्या मेदाम्लांपासूनच बनतं, पण त्याच्या टोकाला सल्फोनेट (गंधकाचा एक अणुगट) असल्याने असा साका धरत नाही. शिवाय साबणाचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप, 7 म्हणजे मधलं) 9-10, याचा साधारण 5 ते 7. हिवाळ्यात सासूबाईंच्या पोटऱ्या अंघोळीनंतर पांढऱ्या फटक पडायच्या, ते यंदा जवळजवळ थांबलं. फेस दाट, सायीसारखा. यात नवं काही नाही म्हणा. 1957 साली अमेरिकेत आलेला डव्ह याच जातीच्या रसायनावर उभा आहे.

आता कटकटी. बोहरी आळीत पावडर स्वस्त पडली, पण ती उडते आणि नाकात गेली की खोकून खोकून जीव जातो. मास्क लावा, किंवा सरळ शेवयांसारखे नूडल्स घ्या. गार पाण्यात एससीआय विरघळत नाही. स्टिअरिक ॲसिडबरोबर (मेणासारखं घट्ट मेदाम्ल) गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून धीराने मऊ करावं लागतं. हँडवॉश केला तर थंडीत तळाशी खडे धरतात, बीटेन (फेस करणारं आणखी एक सौम्य द्रव रसायन) घातल्यावर कमी होतात. नेटवर काही जण त्यात खाण्याचा सोडा घालायला सांगतात, तो अजिबात नको: पीएच चढला की एससीआयमधला एस्टर बंध (मेदाम्लाला बाकीच्या रेणूशी जोडणारा सांधा) हळूहळू तुटतो आणि सौम्यपणाच संपतो. वडी जाळीच्या साबणदाणीतच ठेवा, नाहीतर आठवड्यात लगदा.

तेल काढायला मात्र हात आखडता. अभ्यंगस्नानाच्या तेलाला दोनदा लावावी लागली. खरकट्या कढईला आणि कपड्यांना तर वापरूच नका; एवढं महाग रसायन तिथे वाया जातं, साधी भांड्यांची वडी त्याहून चोख काम करते. पुढच्या वेळी अर्धा किलो नूडल्सच आणणार आहे, पावडर नाही.